उजेड दिसला की सगळं चालू

असोद्याकडून शहरात येणाऱ्या रस्त्यावर परवा भरताची वांगी दिसली. यंदाची पहिलीच. मोटारसायकलच्या मागे बांधलेल्या क्रेटमध्ये ती मोठाली हिरवी वांगी एकावर एक रचलेली होती, अंगावर पांढुरके पट्टे, देठ अजून ताजे. मी गाडी बाजूला घेतली. दोनच घ्यायची म्हणून उतरले आणि पिशवी भरून घेऊन आले. घरात खाणारी माणसं तीन. पण भरताची वांगी हिशेबाने घेणारा माणूस खानदेशातला नव्हे, असं माझं मत आहे.

जळगाव म्हटलं की बाहेरची माणसं डोळे मोठे करतात. "बाई गं, काय ऊन तुमच्याकडे!" जणू आम्ही ते ऊन घरी तयार करतो. मी पूर्वी भांडायचे. आता नुसतं सांगते की हिवाळ्यात या. केळीच्या बागेतून चालत गेलं की पानांवरचं दव बाहीला लागतं. वेचणी संपलेल्या कपाशीच्या काड्या बांधाला रचून ठेवलेल्या असतात. दुपारी ऊन असतं, पण ते अंगावर घ्यावंसं वाटतं. आणि दर चार शेतांआड कुठून तरी धूर निघतो. त्या धुराला वांग्याच्या जळलेल्या सालीचा वास असतो. तो वास आला की कॅलेंडर बघायची गरज उरत नाही.

मला मात्र हा वास आला की भरीत आठवायच्या आधी एक आवाज आठवतो. ठो! आणि त्या आवाजापाठोपाठ आठवतं एक हिरवं सर्किट बोर्ड. ते आत्ता, मी हे लिहिते आहे तेव्हा, पृथ्वीभोवती फिरतं आहे. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. तोच सांगायला बसले आहे. सांगताना मी थोडी मिजास करणार आहे, तेवढी चालवून घ्यावी.

मी जळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माहेर धुळे जिल्ह्यातलं, सोनगीरजवळच्या एका खेड्यातलं. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजला एक काम मिळालं होतं. एका छोट्या उपग्रहाचं काम पाच-सहा कॉलेजांनी वाटून घेतलं होतं. कुणाकडे कॅमेरा, कुणाकडे रेडिओ. आमच्याकडे आला कॉम्प्युटर, म्हणजे उपग्रहाचं डोकं. उपग्रह केवढा? बुटाच्या खोक्याएवढा. त्याच्या अंगावर सोलर पॅनेल, पोटात बॅटरी, आणि त्या बॅटरीतून आमच्या कॉम्प्युटरच्या वाट्याला येणारी वीज केवढी? देवघरावर आपण ती लुकलुकणारी माळ सोडतो ना, तिला लागते तेवढी.

काम देणाऱ्या समितीचे प्रमुख एक साहेब होते. कमी बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं होतं, "तुमचा कॉम्प्युटर एवढ्या विजेत दिवसभर न अडखळता चालला, तर तुमचा घेऊ. नाहीतर तयार विकत मिळतो, तो लावू. वाईट वाटून घ्यायचं नाही." वाईट वाटून घ्यायचं नाही म्हटलं की मला आधीच वाईट वाटायला लागतं. पण त्यांचं बरोबर होतं. वर गेल्यावर दुरुस्तीला कोण जाणार?

माझ्या गटात दोघंजण मुख्य होते. गौरव असोद्याचा. घरी केळी, कपाशी आणि अर्थातच वांगी. रोज मोटारसायकलवरून कॉलेजला यायचा आणि ती मोटारसायकल कशी चालवायचा ते मी एकदा मागे बसून पाहिलं आहे, पुन्हा बसले नाही. दुसरी मयूरी. ती माझ्याच माहेरच्या बाजूची, सोनगीरकडची, होस्टेलवर राहणारी. वर्गात अगदी शुद्ध बोलायची, पण रागावली की सरळ अहिराणीवर यायची. त्यामुळे ती कधी खरी रागावली आहे हे मला लगेच कळायचं.

बोर्ड छापून आलं त्या दिवशी मी ते हातात घेऊन उलटसुलट बघत होते. खालच्या कोपऱ्यात, भागांचे आकडे छापतात तिथे, बारीक पांढऱ्या अक्षरात एक शब्द होता. देवनागरीत. "खानदेश".

"हे कुणी घातलं?"

मयूरी म्हणाली, "मी. जागा रिकामी होती, मॅडम."

मी बोर्ड तिच्या हातात परत दिलं. पण त्या दिवसापासून हा साधा प्रकल्प राहिला नाही. आता तो शब्द वर जाणार की कपाटात पडून राहणार, असा प्रश्न झाला. आणि आम्ही सगळेच त्या शब्दासाठी जिवाचं रान करायला लागलो.

आता प्रोसेसरबद्दल थोडं सांगायला हवं. ते समजावायला मला मोटारसायकल फार उपयोगी पडते. आमच्याकडे कुणी नवी गाडी घेतली की लोक रंग विचारत नाहीत. "ॲव्हरेज काय देते?" हे विचारतात. ज्याला ॲव्हरेज कळतं, त्याला अवकाशातला कॉम्प्युटर कळायला वेळ लागत नाही. असोद्याहून जळगावला बेताने आलात तर टाकी पुरून उरते. तीच गाडी पिळत आणली तर चार-पाच मिनिटं वाचतात आणि पेट्रोल मात्र त्या मानाने भलतंच जातं. प्रोसेसरचं तसंच. वेग वाढवायचा तर त्याला व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं. वेग वाढतो थोडा आणि भूक वाढते कितीतरी. बरं, खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. जमिनीवर आपण पंखा लावतो. वर हवाच नाही, तर पंखा वारा कशाचा घालणार?

लोकांना वाटतं अवकाशात जातं म्हणजे जगातलं सगळ्यात वेगवान यंत्र असणार. मी माझा फोन काढून दाखवते. या फोनचं डोकं कितीतरी यानांच्या डोक्यापेक्षा जलद चालतं. पण त्याला रोज रात्री चार्जरला लावावं लागतं, आणि वर भिंतीत सॉकेट नाही. शिवाय सूर्याकडून आणि त्याच्याही पलीकडून येणाऱ्या किरणांचा मारा सोसायचा असतो. त्याला टिकणारे प्रोसेसर जुन्या वळणाचे, सावकाश. थोडक्यात, शर्यतीचा घोडा तिथे कामाचा नाही.

मग सावकाशच चालवा की, असं कुणी म्हणेल. तिथेच खरी मेख आहे. आमच्या कॉम्प्युटरला कॅमेऱ्यातले फोटो तपासायचे होते. ढग आलेले फेकायचे, चांगले बारीक करून बांधून ठेवायचे, आणि उपग्रह आपल्या डोक्यावरून जाईल त्या थोड्या मिनिटांत खाली पाठवायचे. कॉम्प्युटर फार सावकाश चालला तर फोटो बांधून होण्याआधीच आपलं गाव मागे पडतं. आणि सावकाश चालणाऱ्याला जास्त वेळ जागं राहावं लागतं, त्या जागरणालाही वीज लागतेच.

यावरून गौरव आणि मयूरीची रोज जुंपायची.

गौरवचं म्हणणं, "काम झटपट उरकायचं आणि झोपून जायचं. जागं राहणं हाच खर्च आहे."

मयूरी म्हणायची, "झटपट उरकायला त्या वेळी बॅटरीत वीज तर पाहिजे ना? घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा."

"तुझ्या वेगाने चालवला तर आपला फोटो पुढच्या दिवाळीला येईल."

"तुझ्या वेगाने चालवला तर दिवाळीच व्हयी. बॅटरीनी."

शेवटचं वाक्य अहिराणीत आलं की मी मध्ये पडायचे. पण खरं सांगायचं तर मला ते भांडण आवडायचं. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेरचा रस्ता दिसतो, त्यावरून केळीचे घड भरलेले ट्रक जात असतात. आणि आत दोन शेतकऱ्यांची मुलं अवकाशातली वीज कशी वाचवावी यावरून एकमेकांचे केस ओढायच्या बेतात. मी जिथे शिकले तिथे खानदेशातून आलेल्या मुलीला "तुमच्याकडे कॉम्प्युटर आहेत का?" असं विचारणारे लोक होते. ते लोक त्या खिडकीशी उभे असायला हवे होते, असं मला फार वाटायचं.

चाचणीसाठी आम्ही प्लायवूडची पेटी केली होती, आतून काळी. तिच्यात आमचा सूर्य. तो सूर्य म्हणजे एका फोटो स्टुडिओतून उसना आणलेला मोठा दिवा. उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. त्यातला बराच वेळ उन्हात, उरलेला पृथ्वीच्या सावलीत. म्हणजे आपल्या एका दिवसात तो कितीतरी वेळा पहाट बघतो. आमचा दिवाही तसाच लागायचा आणि विझायचा.

अंधारात कॉम्प्युटर छान वागायचा. झोपायचा. उन्हातही छान वागायचा. घोटाळा व्हायचा तो पहाटेला. दिवा लागला की कॉम्प्युटर उठायचा, क्षणभर सगळे दिवे लुकलुकायचे आणि तो कोसळायचा. पुन्हा आपोआप उठायचा, पुन्हा कोसळायचा. उठ, पड, उठ, पड. उन्हाळ्यात उष्माघात झालेल्या माणसाला कुणी उभं करावं आणि त्याने पुन्हा बसावं, तसं चाललेलं. फोटो राहिले बाजूला, त्याला स्वतःचं नावही धड सांगता येईना.

मयूरी म्हणाली, वेग जास्त आहे. गौरवने तोंड वाकडं करून वेग निम्मा केला. तरी पडला. त्याच्याही निम्मा केला. तरी पडला. मग मयूरीचंही तोंड उतरलं, कारण इतके दिवस सावकाशपणाची बाजू घेऊन तिच्या सावकाशपणानेही दगा दिला होता. मग आम्ही बॅटरीवर संशय घेतला. नवी लावली. नव्या बॅटरीवरही तोच खेळ. सोमवारी समिती येणार होती. शुक्रवारी संध्याकाळी मयूरीने बोर्ड पेटीतून काढलं आणि त्या कोपऱ्यातल्या शब्दावर अंगठा ठेवून बसली. तो शब्द कुणाला दिसू नये असं तिला वाटत होतं, हे मला कळलं. मला फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी गौरवच्या आजोबांचा फोन आला. नाना. फोनवर बोलताना त्यांना फोनची गरज नसते, इतका आवाज मोठा. गौरवने फोन कानापासून लांब धरला होता तरी आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"डोकं नसन चालत तं पोट चालवा! उद्या या सगये, भरीत खायले!"

चाचणी नापास होत असताना पार्टीला जायचं हे मला पटत नव्हतं. पण खानदेशात भरताच्या आमंत्रणाला नाही म्हणायची पद्धत नाही. शनिवारी दुपारी आम्ही असोद्याच्या शेतात पोचलो.

ते शेत मला आजही तसंच्या तसं दिसतं. एका बाजूला केळी, पलीकडे वेचून झालेली कपाशी, विहिरीजवळ वांग्यांचा तुकडा. कपाशीच्या काड्यांचा ढीग पेटवलेला, त्यात तेलाचा हात लावलेली वांगी. धूर डोळ्यांत जात होता आणि कुणी जागचं हलत नव्हतं. गौरवची आई आणि काकू भाजलेल्या वांग्यांची सालं काढत होत्या, बोटं भाजत होती तरी गप्पा चालू. मग तो गर लाकडी भांड्यात घालून, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायचा. त्यात शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. केळीच्या पानावर भरीत, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. ठेचायचा मान नानांचा. पांढरा सदरा, डोक्याला गुंडाळलेलं उपरणं, आणि ठेचताना प्रत्येक घावाबरोबर तोंडाचा पट्टा. सरकार, हवामान, जावई, कुणी सुटलं नाही.

त्या आठवड्यात शेताला वीज दिवसा होती. दुपारची वेळ झाली, पण अजून आली नव्हती. ज्यांनी शेतावरची वीज पाहिलेली नाही, त्यांना सांगते. ती ठराविक तासच मिळते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री, आणि तीही कधी लवकर, कधी उशिरा. दर वेळी विहिरीपर्यंत धावत कोण जाणार? म्हणून शेतकरी मोटारीला ऑटो बसवतात. वीज आली की मोटार आपली आपण चालू. मिळालेल्या विजेचा एक क्षण वाया जायला नको. आमच्या माहेरीही ऑटो होता. वीज आली की पाणी आलं, हे आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांचं बाळकडूच.

मयूरीने पहिला घास केला आणि विहिरीवरची मोटार घूं करून उठली. त्याच क्षणी शेजारच्या शेतातली उठली, तिच्या पलीकडची उठली, नाल्यापलीकडच्या चार-सहा उठल्या. शेडमधला बल्ब लागला, लालसर झाला, आणि रस्त्याकडच्या डीपीवर, म्हणजे सगळ्या शेतांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, ठो! असा आवाज झाला. लिंबावरचे कावळे उडाले. सगळ्या मोटारी एकदम गप्प.

नानांनी मुसळी खाली ठेवली. "गेली! गेली पाहा डीपी! किती खेपा सांगतलं या लोकाइले, ऑटो काढा, ऑटो काढा. सगये एकदम उठतीन तं ते डीपी बिचारी काय करीन? पन ऐकत नही कोनी!"

गौरव म्हणाला, "नाना, आपला बी ऑटो लावलेलाच आहे."

नाना जराही डगमगले नाहीत. "मंग? मी एकट्यानंच काढू का? ते सगये पानी घेतीन अन् मी पाह्यत बसू?"

सगळे हसले. मीही हसले. मयूरी हसली नाही. तिचा हात पानावर तसाच थांबला होता. माझ्याकडे बघून ती म्हणाली, आणि अहिराणीत म्हणाली, म्हणून मी हसायची थांबले.

"मॅडम, आपला कॉम्प्युटर बी असाच करी ऱ्हायना. उजेड दिखना का बठ्ठं एकदम चालू."

गौरवने भाकरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "आणि बॅटरी तेव्हाच सगळ्यात रिकामी असते. रात्रभर चाललेली."

झालं होतं असं. मोटार चालू होताना जेवढी वीज ओढते, तेवढी नंतर चालताना ओढत नाही. रेडिओचं, कॅमेऱ्याचंही थोडंफार तसंच. आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये पहिलीच ओळ अशी होती, की पॅनेलवर ऊन दिसलं की रेडिओ चालू, कॅमेरा चालू, प्रोसेसर पूर्ण जोरात. उन्हाचा क्षणही वाया घालवायचा नाही! एकदम सगळ्यांनी ओढलं की व्होल्टेज बसायचं आणि कॉम्प्युटर कोसळायचा. कोसळून उठला की त्याला पुन्हा ऊन दिसायचं. मग पुन्हा सगळं चालू. आम्ही आठवडाभर वेग कमी करत बसलो, पण वेगाचा दोष नव्हताच. आम्ही अवकाशात जाणाऱ्या यंत्राला ऑटो बसवला होता.

ती ओळ गौरव आणि मयूरीने मिळून लिहिली होती. बाकीच्या गोष्टींवर भांडणाऱ्या त्या दोघांचं या एका ओळीवर कधी भांडण झालं नव्हतं. गटातल्या कुणालाच तिच्यात वावगं दिसलं नव्हतं. कसं दिसणार? ज्यांच्या घरी वीज कधी जात नाही, त्यांच्या मुलांनी ही चूक केलीच नसती. वीज आली की तुटून पडायचं, हे आमच्या हाडीमांसी मुरलेलं. पण म्हणूनच तो ठो ऐकल्याबरोबर ती आम्हाला कळली. चूक आमच्या शिवारातली आणि तिच्यावरचा उतारासुद्धा आमच्याच शिवारातला.

मुलं उठायला लागली. त्यांना तिथून थेट कॉलेजात जायचं होतं. नानांनी मुसळी उगारली.

"बसा खाली! आधी खा. आभाय काही पयून नही जात."

आम्ही बसलो. मी आयुष्यात इतकं चांगलं भरीत खाल्लेलं नाही. परत जाताना गौरवच्या मोटारसायकलवर मयूरी बसली आणि मी माझ्या गाडीतून मागे. गौरव त्या दिवशी पहिल्यांदाच सावकाश चालवत होता. बहुतेक विचार करत होता.

उपाय माझ्या माहेरचा निघाला. आमच्याकडे चार भावांत एक विहीर होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एकाचं भिजल्याशिवाय दुसऱ्याने मोटारीला हात लावायचा नाही. मी फळ्यावर तेवढंच लिहिलं, "पाळी". पुढचं सगळं मुलांनी केलं. ऊन दिसलं की आधी फक्त कॉम्प्युटर उठेल, तोही अगदी मंद वेगात. उठून घाई करणार नाही. बॅटरीत किती आहे ते बघेल. थोडी भरू देईल. मग रेडिओला पाळी. तो स्थिर झाला की कॅमेऱ्याला. आणि सगळ्यात शेवटी, बॅटरीचं पोट भरलेलं असेल तरच, प्रोसेसर पूर्ण वेगात जाईल, फोटो झटपट बांधेल आणि लगेच झोपेल. बॅटरी उतरायला लागली तर हातातलं काम तिथेच ठेवून आपणहून मंद होईल.

म्हणजे मयूरीही बरोबर होती आणि गौरवही. सावकाश चालावं की वेगात, हा प्रश्नच अर्धा होता. कधी सावकाश आणि कधी वेगात, हे ज्याला ठरवता आलं तो टिकला. मी वर्गात हे वाक्य आता दरवर्षी सांगते. मुलं लिहून घेतात आणि घरी जाताना मोटारसायकल पिळतात.

सोमवारी समिती आली. साहेबांनी चष्म्यावरून पेटीकडे पाहिलं, आमच्या उसन्या सूर्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. पहिली पहाट झाली. कॉम्प्युटर उठला. एकच हिरवा दिवा लागला. बराच वेळ दुसरं काही नाही. साहेब घड्याळाकडे बघायला लागले. मग रेडिओचा दिवा. मग कॅमेऱ्याचा. मग प्रोसेसर एकदम पळाला, पडद्यावर फोटो बांधल्याच्या ओळी भरभर आल्या, आणि सगळं शांत.

असं दुपारपर्यंत चाललं. मग साहेब उठले आणि काही न सांगता भर उन्हात दिवा विझवला. फोटोचं काम ऐन मध्यावर होतं. लगेच त्यांनी दिवा पुन्हा लावला, पुन्हा विझवला, पुन्हा लावला. आमच्या घरची वीज असंच करते, पण ते त्यांना कुठे माहीत! कॉम्प्युटरने काम खाली ठेवलं. मंद झाला. वाट पाहिली. मग एकेकाला पाळीने उठवत पुन्हा उभा राहिला. पडला नाही. संध्याकाळपर्यंत एकदाही पडला नाही.

साहेबांनी विचारलं, "हे एकेक करून उठवायचं तुम्ही कुठे वाचलंत?"

मयूरी म्हणाली, "वाचलं नाही, सर. असोद्याला डीपी उडाली."

साहेबांना काही कळलं नाही. मग गौरवने फळ्यावर डीपी काढली, विहिरी काढल्या, मोटारी काढल्या, कावळेसुद्धा काढले. साहेब आधी ऐकत होते, मग हसायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसले. बोर्ड हातात घेऊन त्यांनी उजेडात धरलं. कोपऱ्यात बोट ठेवलं.

"आणि हे काय आहे? पार्टचा नंबर?"

"नाही सर," मयूरी म्हणाली. "पत्ता आहे."

साहेबांनी बोर्ड तिच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "पॅक करा."

मला त्या वेळी जो अभिमान वाटला, तो मी अजिबात लपवला नाही. आमच्या विभागातल्या सगळ्यांना पेढे दिले, शिपाईमामांना दोनदा दिले. ज्या प्राध्यापकांनी "कशाला नसती उठाठेव" म्हटलं होतं, त्यांच्या टेबलावर जाऊन मुद्दाम दिले. नम्रपणा चांगला असतो, पण तो रोज मिळतो. असा दिवस रोज मिळत नाही.

पुढे उपग्रह वर गेला. पहिल्यांदा तो आमच्या डोक्यावरून जाणार होता तेव्हा आम्ही सकाळच्या थंडीत कॉलेजच्या गच्चीवर उभे होतो. गौरवने अँटेना हातात धरून आकाशात फिरवायला सुरुवात केली. मयूरी लॅपटॉपसमोर, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून. आम्ही त्या कॉम्प्युटरला शिकवलं होतं की दर थोड्या वेळाने आपली खुशाली कळवायची. बॅटरी किती, ताप किती, आणि सगळ्यात शेवटचा आकडा, वीज कमी पडून आपण किती वेळा कोसळलो. आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीतून चिवचिव आवाज आला. पडद्यावर एक ओळ उमटली. आम्ही सगळ्यांनी मधलं काही वाचलंच नाही, डोळे थेट शेवटी गेले. शून्य.

मयूरी म्हणाली, "पडना नही, मॅडम." आणि रडायला लागली. खाली रस्त्यावरून केळीचा ट्रक चालला होता आणि मला वाटलं त्याला थांबवून ड्रायव्हरला सांगावं.

आता मयूरी दूर एका मोठ्या शहरात असते, मोठ्या यानांच्या कॉम्प्युटरवर काम करते. गौरवने जळगावातच आपलं छोटं काम सुरू केलं आहे आणि मोटारसायकल अजून पिळतो. पण भरताच्या दिवसांत मयूरी सुट्टी काढून येते आणि आम्ही असोद्याला जातो. हा आमचा नेम आहे.

काल रविवारी गेलो होतो. मी परवा घेतलेली वांगीही नेली, तर नानांनी ती हातात घेऊन, दाबून, "इकत घेतली?" असं तुच्छतेने विचारलं आणि बाजूला ठेवली. काड्या पेटल्या, वांगी भाजली, सालं निघाली. नाना आता ठेचताना मध्ये मध्ये दम घेतात, पण तोंडाचा पट्टा तसाच. आम्ही पानं मांडून बसलो. मी सकाळी गच्चीवर घेतलेली उपग्रहाच्या खुशालीची ओळ अजून फोनमध्ये होती. तेवढ्यात विहिरीवरची मोटार घूं करून उठली. शेजारची उठली. पलीकडच्या उठल्या. मयूरी आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

ठो!

कावळे उडाले. बल्ब गेला. गौरव कपाळाला हात लावून म्हणाला, "नाना, ऑटो अजून काढला नाही?" नानांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. उपरणं सारखं करून त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरून आकाशाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तुमचा वरचा पडला का?"

मी फोन उघडून शेवटचा आकडा पुन्हा पाहिला. "नाही नाना. अजून एकदाही नाही."

नानांनी मुसळी पुसून बाजूला ठेवली. "मंग वाढा," ते म्हणाले. "खालचं पाहू सावकास."